शिंगाचे घोडे

फ्रीज उघडण्याआधी मी अजूनही पायांत चप्पल सरकवते. बेळगावात मुलाच्या घरी फरशी कोरडी, वायरिंग नवं, फ्रीज तर गेल्या दिवाळीत घेतलेला. "आई, फ्रीज आहे तो, वाघाचा पिंजरा नाही," असं म्हणून मुलगा हसतो. हसू दे. मिक्सरचं बटण दाबताना माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो, तेव्हा सूनबाई नजर दुसरीकडे वळवते, तेही मला दिसतं. ही भीती मुळात माझी नव्हेच. मालवणात आमच्या शेजारी जयवंतदा राहायचा, त्याच्याकडून ती मला लागली. शेजाऱ्याची सर्दी लागावी तशी लागली, आणि मग काही गेली नाही.

जयवंतदा बेस गिटार वाजवायचा. तरुणपणी बोटीवर कामाला होता, तिथं गोव्याकडच्या वादकांच्या नादी लागून शिकला, एवढंच मला ठाऊक. बोट सोडून परत आला आणि आमच्या ऑर्केस्ट्रात लागला. मी आठवडाभर शाळेत मुलांना पाढे शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी त्याच ऑर्केस्ट्रात गायची. उंच, दणकट माणूस. मिशा भरघोस. वादळी हवेतसुद्धा होडी घालायचा, अंगणात जनावर, म्हणजे साप, निघाला तर शेपटीला धरून कुंपणापलीकडे टाकून यायचा आणि हात धुऊन पेज प्यायला बसायचा. भ्यायचा तो फक्त विजेला. पण विजेला म्हणजे इतका, की घरातला बल्ब बदलायचा असला तर बायकोला मेन स्विचपाशी उभं करायचा आणि स्टुलावरून दर क्षणाला ओरडायचा, "हात लावलंस नाय मां? बघ हां, लावलंस नाय मां?" बायको, म्हणजे आमची वयनी, शेवटी वैतागून म्हणायची, "काळोखात जेवया. माका कायव हरकत नाय."

माझी त्याची पहिली भेट भांडणातच झाली. मी नवीन, तालमीचा पहिला दिवस. मला गाण्याची पट्टी विचारायची होती म्हणून हातात माइक घेऊन मी त्याच्याजवळ गेले आणि बोलवायला त्याच्या खांद्याला हात लावणार, एवढ्यात हा बाप्या किंचाळला.

"माका शिवू नकात! लांब रवा! बाई, लांब रवा!"

सगळी तालीम थांबली. मी बाईमाणूस, शाळेत पोरांना शिकवणारी, आणि हा माझ्यापासून असा मागे सरकला की जणू मी त्याला चावणार होते. मला असा संताप आला! माइक तिथंच आपटून मी ऑर्केस्ट्राच्या मालकांकडे गेले आणि म्हटलं, एक तर तो राहील नाहीतर मी. मालक हसले. म्हणाले, "बाई, तो सगळ्यांकाच तसा म्हणता. काल माका म्हणालो." तरीसुद्धा मी बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाही. स्टेजवर तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात.

आमचे कार्यक्रम बहुतेक देवळांच्या आवारात. जत्रा असो, सत्यनारायण असो, सप्त्याची सांगता असो, स्टेज म्हणजे देवासमोरच्या अंगणातला मातीचा चौथरा, त्याच दिवशी शेणानं सारवलेला, वर सतरंजी. सारवण पुरतं वाळलेलंही नसायचं. आणि देवासमोर पायांत चप्पल चालत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? गाणारे, वाजवणारे, सगळे अनवाणी. ओल सतरंजीतून वर यायची, तळव्यांना गार लागायचं. मला ते आवडायचं, खरं सांगते. दिवसभर शाळेत उभं राहून तापलेले पाय तिथं निवायचे. जयवंतदा मात्र घरून जेवायचा पाट घेऊन यायचा. लाकडी पाट मांडायचा, त्याच्यावर उभा राहायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत खाली पाय टेकायचा नाही. गावोगावच्या बायकांना वाटायचं, काय हा देवभोळा माणूस! देवासमोर पाटावर उभं राहून वाजवतो! एकदा एका आजीनं त्याला हळदकुंकू लावून ओवाळलंसुद्धा. हा निमूट उभा. उतरून सांगावं तर जमिनीवर पाय ठेवावा लागला असता.

पुढे मी त्याच्या शेजारचंच घर भाड्यानं घेतलं आणि अबोला फार दिवस टिकला नाही. त्याच्या पडवीत सतत कोणाची ना कोणाची गिटार उघडी पडलेली असायची, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या पडवीवर.

तो काय दुरुस्त करायचा, ते सांगितलं पाहिजे. बेसला चार जाड तारा असतात. त्या जिथं संपतात तिथं गिटारच्या पोटावर धातूची पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात. त्या पट्टीवर प्रत्येक तारेखाली एक छोटासा ठोकळा. दुकानदार त्याला सॅडल म्हणतात, जयवंतदा घोडो म्हणायचा. घोड्याच्या अंगात दोन बारीक स्क्रू असतात, ते फिरवले की तार वर-खाली होते. मागे आणखी एक लांब स्क्रू, त्यानं घोडा पुढे-मागे सरकतो. तार फार खाली बसली तर वाजताना खरखरते, फार वर गेली तर बोटांची सालं निघतात. आणि पुढे-मागे चुकलं तर मोकळी तार सुरात लागते, पण तीच तार मध्यावर दाबली की सूर चळतो. सगळा खेळ त्या नखाएवढ्या स्क्रूंचा. आता आमच्याकडचा खारा वारा खिडकीचे गज खाऊन टाकतो, त्याच्यापुढे ह्या स्क्रूंची काय कथा! गंजून असे बसायचे की किल्ली घालून फिरवलं तर किल्लीच झिजायची.

मग लोक काय करायचे? कोकणी माणूस अडलेल्या कुठल्याही वस्तूला जे करतो तेच. खोबरेल घालायचे. दाराची कडी, शिवणयंत्र, गुडघे, सगळ्यांना खोबरेल, तर गिटारनं काय घोडं मारलंय? त्या तेलावर धूळ बसायची, किनाऱ्यावरची वाळू बसायची, पावसाळ्यात वरून बुरशी यायची आणि घोडे जागच्या जागी थिजायचे. असली गिटार आली की जयवंतदाचा आवाज चार घरं ऐकू यायचा.

"कोणी घातल्यान हो त्याल? डोक्याक लावचा त्याल! चपातेक लावचा! हयसर कित्याक?"

मग रॉकेलमध्ये बुडवून ठेव, जुन्या टूथब्रशनं घास, सुईनं एकेक आटा कोरून काढ. किल्ली फिरवायचा ती इतकी हळू की फिरतेय की नाही कळू नये. एकदा का स्क्रू सुटला की बालवाडीतल्या पोरासारखा हसायचा. सगळे घोडे बसवले, तारा चढवल्या की गिटारच्या लाकडाला कान चिकटवायचा, डोळे मिटायचा आणि एकेक तार छेडत घोडा केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा. अ‍ॅम्प्लिफायरला जोडून बघत नसे. कणकवलीच्या एका पोरानं स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर सोबत आणला होता. "काका, लावून बघूया मां," म्हणून त्यानं पडवीतल्या प्लगमध्ये पिन घातली, तर जयवंतदा उठून घरात गेला आणि आतून कडी लावून घेतली. पोर बिचारं बाहेर उभं. शेवटी वयनीनं खिडकीतून गिटारची पिशवी त्याच्या हातात दिली.

त्याच्या स्वतःच्या बेसचा मात्र मला उलगडा होत नसे. लोकांचे घोडे धातूचे, याचे शिंगाचे. सावंतवाडीला शिंगाच्या फण्या, पेले बनवणारे कारागीर होते, त्यांच्याकडून म्हशीच्या शिंगाचे तुकडे आणून तो कानशीनं घासून घोडे बनवायचा. तारेची शेवटची गाठ जिथं धातूत बसते, तिथं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून घालायचा. पोटातून ब्रिजला जोडलेली एक वायर असते, ती त्यानं कधीच कापून टाकली होती. शिंग धातूइतकं टिकत नाही. तार त्यात खाच पाडायची, खाच खोल गेली की तार खाली यायची, खरखर सुरू. मग पुन्हा नवा घोडा घास. आणि एवढं करून आवाज कसा? दबका, आणि वर सदानकदा घुंऽऽ अशी घरघर. शांत गाणं असलं की ती घरघर माझ्या आवाजाच्या मागे मागे फिरायची. मी एकदा चिडून म्हटलंच, "जयवंतदा, तुमचो बेस वाजता की कुळथाची पिठी शिजता?"

"माका गोड लागता," म्हणाला आणि मान वळवली. खोटं बोलत होता हे तेव्हासुद्धा मला कळलं होतं.

खरं कळलं ते एका दुपारी. वेंगुर्ल्याकडचा एक तरुण वादक गिटार घेऊन आला होता. स्क्रूंचं सगळं सांगून झालं आणि जाता जाता हसत म्हणाला, "आणि काका, स्टेजवर तारांक हात लावलो की हाताक गुदगुल्यो जातत. मजा येता." जयवंतदाच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. त्यानं पक्कड घेतली आणि त्या गिटारच्या चारही तारा कट कट कट कापून टाकल्या. पोर आरडाओरडा करायला लागलं. मी धावत गेले. जयवंतदा त्याला म्हणत होता, "वायरमन बघून जाईसर गिटार परत गावाची नाय. जा. बापाशीक घेवन ये, पोलिसांक घेवन ये, गावाची नाय." ते पोर शिव्या देत निघून गेलं. जयवंतदा पायरीवर बसला. पक्कड सुटत नव्हती. मीच ती त्याच्या बोटांतून काढली.

वयनी बाजारात गेली होती. त्यानं सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता, समोरच्या माडाकडे बघत.

तळेऱ्याच्या फाट्यावरून आत गेलं की एक गाव लागतं. नाव मला माहीत आहे, पण सांगत नाही. माझ्या आधीच्या काळातली गोष्ट. मोहन म्हणून ऑर्केस्ट्रात गायक होता, जयवंतदाचा लहानपणापासूनचा दोस्त. गायचा, नकला करायचा, बेसही थोडाफार वाजवायचा. त्या गावच्या जत्रेत कार्यक्रम अर्ध्यावर आला आणि वीज गेली. जनरेटर सुरू केला. कोणीतरी घाईघाईनं वायरी इकडच्या तिकडे जोडल्या. जयवंतदा तेव्हा सगळ्यांसारखाच अनवाणी, ओल्या सारवणावर.

"तारांक बोट लावलंय, तर मुंग्यो येवक लागल्यो," तो म्हणाला. "कोपरापर्यंत. माका कळला, बाई. करंट आसा ह्या माका कळला."

"मगे? सांगलास नाय?"

"लोक शिट्ट्यो मारी होते. आधीच येळ झाल्लो. थांबवा म्हणाचा तर... माका लाज वाटली. आणि भियालंय. दोनव एकदम." कापलेल्या तारेचं टोक त्यानं पायानं लांब सारलं. "पट्ट्याक धरून गिटार गळ्यातली काढलंय. तारांक हात लागू दिलंय नाय. आणि मोन्याक म्हटलंय, मोन्या, जरा घे, मी इलंय. तेना घेतल्यान."



मोहननं गिटार गळ्यात घातली आणि काहीतरी विनोद सांगायला तारांवर हात ठेवूनच माइकपाशी गेला. माइकला तोंड लागलं. लोकांना वाटलं, नक्कल करतोय. लोक हसले. तो वाकडा होत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्याचा हात तारांवरून सुटेना. जयवंतदा स्टेजच्या मागे उभा राहून बघत होता. जनरेटर दोन पावलांवर होता, पण त्याचे पाय हलले नाहीत. दुसऱ्याच कोणीतरी वायर ओढली, तोवर उशीर झाला होता.

"आधी टेस्टर लावललो," तो म्हणाला. "सुरवातीक. तेव्हा कायव नव्हता. सगळे म्हणाले, नशीब. माका एकट्याक ठावक. तुमच्या वयनेकव सांगूक नाय मी. तुमी सांगू नकात."

तारांत वीज येऊ नये म्हणून ते शिंगाचे घोडे, म्हणून ती रबरी नळी, म्हणून ती कापलेली वायर, आणि त्या वायरीपायीच ती घरघर. आज सांगते आहे. आता तो नाही आणि वयनीही नाही. त्या संध्याकाळी मी घरी आले, फ्रीजच्या दांड्याला हात लावायला गेले आणि हात मागे घेतला. तेव्हापासूनची ही चप्पल.

जयवंतदाला एकच मुलगी, दुर्वा. त्यानं तिला बेस शिकवला नाही. शिकवायचंच नाही असं ठरवलं होतं म्हणा ना. पण पडवीत सगळ्या गावच्या गिटारी येऊन पडलेल्या, पोर काय कान बंद करून मोठी होणार? बाप कान लावून घोडे बसवायचा तशी तीही लाकडाला कान लावून वाजवायला शिकली, वायरीशिवाय, हळू. कॉलेजात गेली तेव्हा बापाहून चांगली वाजवायला लागली होती. मुलामुलींचा एक बँड निघाला, त्यात तिला बोलावलं. जयवंतदानं स्वतःची शिंगाच्या घोड्यांची गिटार तिला दिली आणि पाट दिला. गिटार तिनं घेतली. पाट बघून म्हणाली, "बाबा, माजा लगीन आसा काय?" आणि पाट घरीच राहिला.

तिचा कार्यक्रम असला की हा माणूस दिवसभर जेवत नसे. माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. रात्री तिच्या स्कूटरचा आवाज आला की उठून घरी जायचा. वयनीला वाटायचं, वयात आलेल्या मुलीची काळजी. मला खरं माहीत होतं आणि त्यामुळे मीही जागी असायची. तिनं एकदा मला विचारलंसुद्धा, "मावशी, बाबा एवढे भियातत कित्याक?" मी म्हटलं, "बापूस आसा म्हणान." मला शब्द पाळायचा होता. तो पाळला हे बरं केलं की वाईट, अजून कळत नाही.

मग आमच्याच वाडीतल्या देवळाच्या वार्षिक उत्सवात त्या मुलांचा कार्यक्रम ठरला. साउंडवाला बाहेरचा, मोठा, त्याची यंत्रं चकचकीत. आदल्या दिवशी त्यानं आवाज तपासला आणि दुर्वाला स्पष्ट सांगितलं, "ताई, ह्या गिटारची घरघर आमच्या स्पीकरवर चालणार नाही. दुरुस्त करा, नाहीतर बेस बंद ठेवतो." बेस बंद म्हणजे दुर्वा बंद. घरचं देऊळ, सगळी वाडी समोर. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पडवीत बसून चारही शिंगाचे घोडे काढले, रबरी नळ्या काढल्या, कापलेली वायर जोडली आणि बापाच्या डब्यातले जुने धातूचे घोडे बसवले. मी खिडकीतून बघत होते. भाजीला फोडणी दिलेली तशीच करपली.

जयवंतदा मासे घेऊन आला. पिशवी हातातच राहिली.

"ह्या काय केलंस?"

"बाबा, घरघर गेली. बघा."

"काढ ते."

"काढूचंय नाय."

"दुर्वा, काढ म्हणतंय मी!"

"कित्याक काढू? एक कारण सांगा. एक. सगळ्या जगाचे घोडे लोखंडाचे, माजेच कित्याक शिंगाचे?"

त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, सांगतोय आता. ओठ हलले. पण मोहनचं नाव मुलीसमोर त्याच्या तोंडून निघेना. दुर्वानं वाट बघितली, मग गिटार मांडीवर ओढून वाजवायला लागली. मोकळी तार बरी लागली. मध्यावर दाबली आणि सूर चळला. घोडे तिनं बसवले होते, पण घाईत, मागेपुढे. तिलाही ते ऐकू आलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा चळला. किल्ली घेऊन स्क्रू फिरवला, तर आणखी बिघडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जयवंतदानं ते किती वेळ सोसलं असेल! त्याला बेसूर सहन होत नसे, आणि मुलीच्या हातात ती गिटार सहन होत नव्हती. शेवटी पिशवी खाली ठेवून तो तिच्यासमोर बसला.

"दी हयसर."

गिटारच्या लाकडाला त्यानं कान लावला. किल्ली घोड्यात शिरेना, इतके हात कापत होते. दुर्वानं त्याचं मनगट धरलं, तेव्हा कुठे शिरली. एक तार, मग दुसरी. प्रत्येक वेळी ऐकायचा, केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचा. त्याच्या कपाळावरून घाम गिटारवर पडत होता आणि तो लगेच बाहीनं पुसत होता, स्क्रू गंजू नयेत म्हणून. ज्या वस्तूनं मुलगी मरेल असं ह्याला वाटतं, ती वस्तू हा तिच्यासाठी सुरात लावत होता. मांजर माशांच्या पिशवीपाशी आलं, त्याला कोणी हाकललं नाही. चारी तारा लागल्या. काय आवाज निघाला सांगू! मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर गायले, पण त्या गिटारचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दुर्वानं बापाला मिठी मारली. त्याचे हात मात्र तिच्या पाठीवर आले नाहीत.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. चौथरा नुकताच सारवलेला, ओला, सगळी मुलं अनवाणी. वयनी पुढे बायकांत बसली. जयवंतदा आणि मी मागे, देवळाच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, जिथं सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. पहिली गाणी सुरळीत झाली. मी दुर्वाकडे बघतच नव्हते. मी तिच्या पायांकडे बघत होते. ओल्या शेणावर तिचे पाय ताल धरत होते. बाजूला जयवंतदाचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि वीज गेली.

लोक ओरडले, पोरांनी मोबाइलचे दिवे लावले, कोणीतरी जनरेटरची दोरी ओढली. कोणीतरी वायरी हलवल्या. दिवे आले, टाळ्या पडल्या. मी वळून बघितलं तर जयवंतदा माझ्या बाजूला नव्हता.

तो स्टेजवर चढत होता. एवढा मोठा माणूस, पण पाय असे टाकत होता की जणू जमीन तापलेली आहे. दुर्वा खाली ठेवलेली गिटार उचलायला वाकली होती. त्यानं तिला दंडानं धरून बाजूला सारलं. साउंडवाला ओरडला, "काका, काय करताय? टेस्टर लावलाय आम्ही!"

"टेस्टर तेव्हाय लावललो," जयवंतदा म्हणाला. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

यात शहाणपण काही नव्हतं. कुठलाही वायरमन त्याच्या कानाखाली वाजवेल असलं हे काम. पण त्यानं पट्टा गळ्यात घातला, ओल्या सारवणावर दोन्ही पाय टेकले, डोळे मिटले आणि उजव्या हातानं चारही तारा मुठीत धरल्या. मग डावा हात पुढे केला आणि माइकची मूठ धरली.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा आता भाषण करणार.

तो हलेना. मूठ सुटेना. जबडा आवळलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, अंग थरथरत होतं. मला वाटलं, झालं. मोहनचंही लोकांना असंच दिसलं असणार. दुर्वा किंचाळली, "बाबा!" आणि त्याला ओढायला धावली. त्यानं डोळे न उघडता मान जोरात हलवली, नको म्हणून. ती तिथंच थबकली. मी जनरेटरकडे धावायला निघाले आणि चपलांच्या ढिगात अडखळून पडले. सगळं अंगण चिडीचूप झालं होतं. उठून बघते तर तो अजून तसाच उभा.

मग त्यानं डोळे उघडले. माइकमधून त्याचा आवाज आला, फाटलेला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"काय नाय. काय नाय गो. वाजय, बाय."

गिटार त्यानं मुलीच्या गळ्यात घातली, पट्टा नीट केला आणि पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर तो अडखळला. मी धरायला गेले तर हळूच म्हणाला, "शिवा, बाई. आता शिवा." मी त्याला धरून गडग्यापाशी बसवलं. दुर्वा वाजवायला लागली. पहिल्यांदा चुकली, मग सावरली. अंगणभर तो स्वच्छ, भरलेला आवाज फिरला आणि बायका माना डोलवायला लागल्या. जयवंतदा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून, आणि गाणं संपेपर्यंत त्याचं कापणं थांबलं नाही.